जिंकणाऱ्यानं झाडायचं

सर, परवा आपल्या युनिव्हर्सिटीच्या पोरींनी बास्केटबॉलचा कप राखला. गेल्या वर्षी जिंकला होता, या वर्षी राखायचा होता, आणि कॅप्टन होती माझी धाकटी बहीण. तुम्हाला ती आठवते का माहीत नाही. तुम्ही आम्हाला शिकवायचात त्या कोर्टावर रिंगच्या पोलला टेकून संत्री सोलत बसायची, बॉल तिच्याकडे गेला की दोन्ही हातांनी उचलून भलत्याच बाजूला फेकायची, तीच. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बॉल रिंगच्या अर्ध्यापर्यंतही जात नव्हता.

मी सध्या कच्छमध्ये आहे. सुरत झालं, पुणं झालं. एका जागी माझं बूड टेकत नाही हे तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं. सोलरच्या प्लेटा बसवायचं काम आहे. सपाट खारी जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत काही नाही. कधी कधी वाटतं, इथं किती कोर्ट आखता येतील! दहावीच सुटली नाही माझी, त्यामुळे युनिव्हर्सिटीची जर्सी काही अंगावर आली नाही. पण तुमचं जेवढं माझ्यापाशी होतं तेवढं सगळं बहिणीला दिलं. त्यात झाडण्याची रीतही होती.

इतवारीच्या पोरांना हरवलं तो दिवस मला अजून समोर दिसतो. आम्ही शर्ट काढून फिरवतोय, नाचतोय, आणि तुम्ही खराटा घेऊन येता. "जितले ना? मंग धरा. हारलेल्यायले घरी जाऊ द्या." मी तापलो. "जितलो तर मी काहून झाडू सर? त्यायले लावा ना." तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "हारलेला माणूस आपोआप खाली पाहते रे. जितलेल्याले खाली पाहाले लावा लागते." रागारागात झाडत होतो, तेव्हा डाव्या रिंगखाली सिमेंट फुगलेलं दिसलं. माझा बॉल तिथं नेहमी पळायचा आणि मी बुटांना शिव्या घालायचो.

बहिणीनं ही रीत युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नेली. गेला कप आल्यापासून त्या पोरी प्रॅक्टिसच्या आधी आपलं सिमेंटचं मैदान झाडायच्या. पण या वर्षीची स्पर्धा नागपुरातच, नव्या हॉलमध्ये लागली. लाकडी फरशी, चकचकीत, पुसायला कंत्राटी माणसं. मग कोण झाडतंय! पहिलीच मॅच हरल्या. तिचा फोन आला, "दादा, आम्ही हारलो गा." आणखी एक हरल्या असत्या तर सरळ बाहेर.

मी विचारलं, "झाडलं होतं का?"

"काय झाडू तिथं? तोंड दिसते फरशीत."

"मंग तोंडच पाहत बसल्या असान."

फोन कट.

दुसऱ्या दिवशी हॉल उघडतो न उघडतो तोच तिनं तिथल्या काकांकडून लांब दांड्याचा पोछा मागून घेतला. आधी एकटीच होती, मग एकेक करून बाकीच्या आल्या. पुण्याकडची टीम वॉर्म-अपला आली आणि हसायला लागली, "चॅम्पियन आल्यात की हाउसकीपिंग?" आमची कशाला ऐकते! "दोनी बी. संध्याकाळी तुमालेबी झाडून काढतो." आणि काढलंही. पण खरी गोष्ट वेगळीच झाली. पुसता पुसता साइडलाइनजवळ एका जागी तिची टाच पडली आणि आवाज पोकळ आला. बॉल टाकून पाहिला, तर गुडघ्याच्या वर येईना. त्या दिवसापासून रोज पुसायचं आणि रोज ती जागा पायानं चाचपायची. समोरच्या कोणीही खाली पाहिलं असतं तर त्यांनाही सापडली असती.

फायनलला शेवटच्या मिनिटात आपण एका पॉइंटनं मागे. इकडे आम्ही साइटवरचे सगळे पाण्याच्या टाकीवर चढलेलो, कारण व्हिडिओपुरती रेंज तिथंच येते. ओडिशाचा, बिहारचा, सगळे माझ्या फोनवर वाकलेले. समोरची सगळ्यात चपळ पोरगी बॉल घेऊन निघाली. आपल्या पोरी तिला अडवत नाहीत, नुसत्या हळूहळू कडेला सरकवतायत. मला कळलं कुठं नेतायत ते. बॉल पडला आणि वर आलाच नाही. तिचा हात हवेत, बॉल माझ्या बहिणीकडे! पळाली, रिंगखाली मागून धक्का बसला, शिट्टी झाली. दोन फ्री थ्रो. दोन्ही गेले तर कप आपला. ती रेषेवर उभी राहिली, आधी खाली पाहिलं, मग वर.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. मागं ढोल, कोणी रडतंय, कोणी हसतंय. "दादा, पाहिलं का गा? दोनी गेले, दोनी!" मी म्हणालो, "पाहिलं ना, बॉल रिंगले लागलाबी नाही." ती आता पुढच्या वर्षीचं बोलायला लागली आहे. नव्या पोरी घ्यायच्या, त्यांना आधी पोछा द्यायचा.

सर, तुम्ही आता जिथं आहात तिथं पोस्ट जात नाही, हा कागद टाकायचाच नाही, म्हणून लिहितो. मी पाहिलं नाही. ती रेषेवर उभी राहिली तसा फोन ओडिशावाल्याच्या हातात देऊन मी शिडीनं खाली उतरलो आणि पाठ करून उभा राहिलो. वर एकदा ओरडले, मग पुन्हा ओरडले, तेव्हा कळलं. तिनं व्हिडिओ पाठवलाय, तो अजून उघडायची हिंमत झाली नाही. पुढच्या महिन्यात सुट्टी आहे, तिच्याच शेजारी बसून पाहीन. तोवर तेवढं तिला सांगू नका.