आत्याचं उदाहरण

१४ मे

ती. दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. माझी पाठ तेवढी कुरकुरते, पण गादीवालीची नाही कुरकुरणार तर कुणाची? एका दवाखान्याच्या गाद्यांचं काम आलंय, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

मी फोन उचलत नाही अशी तुझी तक्रार आहे. खरं आहे. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसतं 'हं, हं' करते. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझी लेक भिंगरी सुखरूप आहे. आली तेव्हा कानात ती गाणी ऐकायची बोंडं खुपसून भिंतीकडे तोंड करून पडली होती. नखं काळी, पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. शेजारचा शिंपी बिचारा हळूच म्हणाला, "पोरीची पँट द्या, शिवून देतो." म्हटलं, "राहू दे बाबा, ती फाटकीच विकत घेतलीय." आता मात्र व्यवस्थित जेवते, हसते, कापूसही भरू लागते. टाके वाकडे घालते, पण घालते.

तू लिहितोस, हे किंचाळणारं संगीत पोरांची डोकी फिरवतं. पोरगी घरात धड बोलत नाही, अभ्यासात घसरली, चार टवाळ पोरं जमवून बँड काढून बसलीय. शाळा उघडायच्या आत तिच्या तोंडून 'बँड सोडला' असं तुला ऐकायचंय, नाहीतर गिटार विकून तिला वसतिगृहात टाकणार. आणि वर मला गळ घालतोस, "तुझं ऐकेल ती. तुझंच उदाहरण दे."

आधी मला हसूच आलं. अरे, डोळ्यांत काजळ घालून गल्लीतून मिरवायचं कोण? आप्पांचे बनियन काळ्या रंगात बुडवले कुणी? आईची बादली कायमची काळी झाली आणि धपाटे मात्र मी खाल्ले. एकच कॅसेट अख्ख्या वर्गात फिरायची, ती तुझ्याकडे आली की परत जायचं नाव नाही. ती गाणी ऐकून तू म्हणायचास, "आपलं दुःख कुणाला तरी कळतं गं." तुला कसलं डोंबलाचं दुःख होतं, दोन्ही वेळा गरम जेवत होतास! पण तू म्हणायचास ते मला पटायचं. मलाही तसंच वाटायचं. मुलीच्या जातीला असं वाटायची सोय नव्हती, एवढंच.

परवा भिंगरी कापसाच्या खोलीत आली. गठ्ठे छतापर्यंत लागलेत. म्हणाली, "आत्या, इथे ओरडलं तर बाहेर ऐकू जातं?"

"नाही जात. ओरड खुशाल."

ओरडली. मग गायली. स्वतःचं गाणं, गिटारशिवाय, कारण गिटार तू कपाटात कोंडलीयस. तुला ते किंचाळणंच वाटेल. मला मात्र त्यात एक घर दिसलं, जिथे सगळे एकमेकांशी गोड बोलतात आणि कुणीच खरं बोलत नाही.

गाणं संपल्यावर विचारते, "इथला आवाज बाहेर जात नाही, हे तुला कसं गं माहीत?" आणि पाठोपाठ, "बाबांच्या बँडमध्ये ड्रम कोण वाजवायचं? दिवाणखान्यातल्या फोटोत कडेला नुसतं कोपर दिसतं. बाबा म्हणतात, एक मित्र होता, बाहेरगावी गेला."

बाहेरगावी! दादा, मी या दुकानाबाहेर कुठे गेले रे? तिने विचारलं तेव्हा मी कापूस झोडपत होते, दोन्ही हातांत काठ्या होत्या. गादीवरच वाजवायला लागले. जुना ठेका, आपला. पोरगी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. कोपराकडे बघत होती.

मग दिलं तिला माझं उदाहरण. तूच सांगितलं होतंस ना?

आपण इथेच सराव करायचो. कापूस सगळा आवाज गिळायचा, म्हणून तू सारखा ओरडायचास, "जोरात वाजव, ऐकू येत नाही!" मी जीव खाऊन वाजवायला शिकले. काठ्या झोडून हात तयारच होते. शाळेच्या हॉलमध्ये भिंती उघड्या असतात, हे आपल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. स्नेहसंमेलनात मी पहिला ठोका दिला आणि तुझा आवाज बुडाला तो बुडालाच. लोक खो खो हसले. मुलाचं गाणं ऐकायला आलेल्या आप्पांना ड्रमवर बसलेली मुलगी दिसली. पडद्यामागे आले, तेव्हा तू म्हणालास, "हिनेच हट्ट धरला. मी घेणारच नव्हतो."

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, प्यायले नाही. पुढचं कधी कुणाला बोलले नव्हते.

आप्पांनी माझ्या ड्रमांची कातडी फाडली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचा राग कापसाच्या आगीसारखा, भडकन पेटायचा आणि तसाच विझायचा. म्हणून मी धावत त्यांच्या आधी दुकानात आले आणि त्यांची मोठी कात्री गठ्ठ्यात खोल खुपसून ठेवली. तू दारात उभा होतास, तू पाहिलंस. आप्पा कात्री शोधत फणफणत होते. सापडली नसती तर दमून बसले असते. दादा, तू गठ्ठ्यात हात घातलास, कात्री काढलीस आणि त्यांच्या हातात दिलीस. कुणी विचारलंही नव्हतं तुला.

तुझी गिटार राहिली. तुझं कॉलेजही झालं. माझी शाळा सुटली आणि हातात दाभण आला. मला त्या गाण्यांनी बिघडवलं नाही रे. ती होती म्हणून मी तगले. अजूनही रोज काठ्या हातात घेते तेव्हा तोच ठेका धरते.

भिंगरीला मी 'बँड सोड' म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. रविवारच्या गाडीने येते ती. तिच्या पिशवीत फडक्यात गुंडाळून आप्पांची कात्री ठेवलीय. धार लावून घेतलीय. विकतोस कशाला? तिच्यासमोर बस आणि स्वतःच्या हाताने तारा काप. या वेळी तुला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची सोय नाही.

तेवढी छाती नसेल, तर कपाट उघड, गिटार तिला दे, आणि फोटोतलं ते कोपर कुणाचं ते सांग. तिला माहीत आहे. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय तिला.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
बाहेरगावी गेलेला मित्र