मेंढरांच्या मिठाच्या ढेपा

१४ जून १९६४
दादासो, तू स्वतःच्या लग्नाला पागोटं घरी विसरून आलेला लेक, म्हणून हे सून भामाकडून लिहवून ठेवते. तारीख तिची, डोकं माझं. मागच्या पावसाळ्यात मेंढरांना चाटायला टांगलेल्या माझ्या मिठाच्या ढेपा पाणी होऊन गळाल्या. दोष हवेचा. तरी मेंढरं घेऊन माळावर निघताना तू म्हणालास, "आये, औंदा ढेप टिकली न्हाई, तर मिठाचं काम भामाकडं." माझ्या सासूनं माझ्या हाती दिलेलं काम! निश्चय : औंदाची ढेप दगडासारखी.

१६ जून, सकाळ
बाजारचं खडेमीठ विरघळवलं, गाळलं, कढईत आटवायला ठेवलं. भामा म्हणे, मंद जाळावर ठेवा, खडा मोठा धरतो. एवढा वेळ कुणाला? जाळ वाढवला. मीठ पिठासारखं निघालं. चांगलंच की.

संध्याकाळ
तळाला पिवळं पाणी उरलं. भामाचा बाप कोकणात मिठागरावर राबलेला. ती म्हणे, "आत्याबाई, ते कडू पाणी फेकायचं असतं. न्हाईतर मिठाला घाम सुटतो." फेकायचं? सगळा कस त्यातच! तिची पाठ फिरल्यावर मिठात परत ओतलं आणि ढेपा थापल्या. (आता लिहिताना तिला कळलं. कळू दे.)

२० जून
भामानंही मंद जाळावर आपल्या वेगळ्या ढेपा केल्या. खडे काचेसारखे. नुसता देखावा. दोघींच्या ढेपा पडवीत शिंक्यांत टांगल्या.

२९ जून
आभाळ भरलंय. माझी ढेप चमकते. भामा म्हणे पाणी सुटलं. मी म्हटलं, तेज हाय ते.

४ जुलै
ढेपेखाली परात ठेवली. गळतं म्हणून नव्हे, परात कुठंतरी ठेवायची होतीच. शेजारची दगडाबाई आली, म्हणाली, "म्हातारे, तुझी ढेप रडाय लागली की गं!" तिचीच नजर. मिरच्या ओवाळल्या. ढेप आणखी बारीक झाली.

९ जुलै
दादासो, तू कडेगावच्या माळावरून थोडी मेंढरं घेऊन आलास. थोरल्या मेंढीनं माझी ढेप चाटली, नाक फेंदारलं आणि भामाच्या ढेपेला जाऊन चिकटली. बाकीची तिच्या मागं. मेंढरांना अक्कल नसते. एक कोकरू मात्र माझ्याकडं राहिलं, मनसोक्त चाटलं. दुपारी त्याला हगवण लागली. मी म्हटलं, पोट साफ झालं. तू ओरडलास, "आये, मरंल की गं ते!"
कोकरू संध्याकाळी उठून उभं राहिलं. मी दिवसभर जेवले नाही. भूक नव्हती.

१० जुलै
माझ्या शिंक्यात आता काही नाही. तू भामाच्या ढेपा घेऊन माळावर गेलास. मिठाचं काम मी आपणहून भामाला दिलं, कुणी काढून घेतलेलं नाही. तसंच लिही, भामा.
दादासो, कळपातली शेळी व्याली की चीक पाठव. खरवस करते. त्याला मीठ लागत नाही.