वहिनी, दत्ताची डाळ परत पाठवली

तीर्थरूप कमलवहिनींना धाकट्या दिराचा, नामदेवचा, नमस्कार.

याच्यापुढं मायन्यात अजून काहीतरी असतं. सातवीत मास्तरांनी शिकवलं होतं, पण आठवत नाही. चुकलं असलं तर हसा. माझ्या चुकीला हसायचं राहिलात असं कधी झालंय का!

काल तुमच्या दत्ताची तूरडाळ मी भांडारातून परत पाठवली. हो, तुमच्याच दत्ताची. ज्याच्या घरात राहतो, ज्याची भाकर खातो, त्याचीच. तेव्हापासून छातीत धडधड चाललीय. बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवेना, म्हणून दुसरी घेतली नाही, आणि आता वाटतंय पहिलीही घेतली नसावी. हे सांगायचं कुणाला? दादा तुमच्याही आधी गेले. म्हणून दुपारी भांडारात गिऱ्हाईक नाही ते बघून लिहायला बसलो.

वहिनी, हे काम माझ्या गळ्यात का घातलंत?

तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "भाऊजी, आता ताटावर तुमी बसा." मी म्हणालो, "मला न्हाई जमणार. मला दाराला कुलूप लावल्यावर चार वेळा ओढून बघावं लागतं." तर तुम्ही काय म्हणालात? "म्हणूनच म्हणते. बिनघोर माणूस काहीबी गिळतो. तुमाला पाण्यात बी केस दिसतो." अंगात ताकद नव्हती, पण टोमणा मारायची हौस गेली नव्हती.

भांडार सुरू झालं तो काळ डोळ्यांसमोरून जात नाही. मुरुडच्या स्टँडजवळचा तो एका शटरचा गाळा. बचतगटाच्या बाया शेणानं सारवायला निघाल्या, आणि खाली फरशी आहे हे रुक्मिणबाईंनी शेणाची पाटी उचलल्यावर पाहिलं! तुम्ही सगळ्यांना सांगत होता, "आपली तूर मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात जाती, तिकडून पॉलिश होऊन चकाकत येती, अन् आपणच ती घेऊन राहिलो. नवरी इतकी नटवली की आईनंच वळखू नये, तसं झालं हे." मग गावानं पिकवलेलं गावात विकायचं ठरलं. ज्याच्या रानातलं, त्याच्या नावानं. फवारा नाही, पॉलिश नाही, आणि मधे आडत्या नाही.

अजूनही शटर वर केलं की आधी करडईच्या तेलाचा वास येतो. मग वाळवलेल्या अंबाडीचा. मग गुळाचा. मी दारात उभा राहून तिन्ही वास ओळखतो आणि मगच आत पाय टाकतो. तुम्ही मागून म्हणायच्या, "भाऊजी, देवळात आलात का दुकानात? सरका!" आता मागून कुणी ढकलत नाही. उगीच जास्त वेळ उभा राहतो.

येळवशीला सगळी रानात जेवायला निघायची, म्हणून आदल्या दिवशी किती गर्दी व्हायची, आठवतं? भज्जीच्या भाजीसाठी ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ढीग. रान नसलेली लातूरची माणसंसुद्धा यायची आणि तुम्ही प्रत्येकाला कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला पाठवायच्या. "ज्याची ज्वारी वर्षभर खाता, त्याचं रान तरी बघून या." यंदा आंबील मीरानं केली. चांगली होती. तुमच्याइतकी आंबट नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही, फक्त तुम्हाला सांगतोय. तुमची सून आहे, पण लेकीसारखं करते माझं.

पण भांडार चाललं ते तुमच्या ताटामुळं. मागच्या खोलीतली ती शेगडी आणि ते एक पितळी ताट. कुणीही माल आणला की त्यातला मूठभर तिथंच शिजायचा. फोडणी नाही, तूप नाही, नुसतं मीठ. आणणाऱ्यानं आधी खायचं, तुमच्यासमोर बसून. मग तुम्ही खायच्या. माल चांगला असला तर तुम्ही काही न बोलता उठायच्या आणि पोत्याचं तोंड सोडायच्या. नसला तर "नाही" म्हणायच्या नाहीत. त्याच्याच ताटात पुन्हा वाढायच्या आणि समोर बसून राहायच्या. दुसऱ्यांदा वाढलेलं खाणारा मी एकही पाहिला नाही. माणूस आपणच पोतं उचलायचा.

तुमच्या सख्ख्या भावालाही सोडलं नाहीत! कंधारहून बिचारे तेलाचा डबा घेऊन आले होते, करडईत सरकीचं मिसळलेलं. तुम्ही भाकरीवर दुसऱ्यांदा तेल ओतलं. ते म्हणाले, "कमल, तू बहीण हायस का फौजदार?" तुम्ही म्हणालात, "ताटावर फौजदार. भाऊबीजेला या, मग बहीण." दिवाळीपर्यंत अबोला धरला त्यांनी. भाऊबीजेला मात्र डबा घेऊन आले, निर्मळ करडईचा.

तुम्ही गेल्यावर मी ताटावर बसलो. मूग आले, तीळ आले, ज्वारी आली. सगळं चांगलं निघालं. मला वाटलं, जमतंय की! देवाला म्हणायचो, सगळं असंच चांगलं येऊ दे, मला कुणाला दुसऱ्यांदा वाढायला लावू नको.

काल दत्ता आला. नवी डाळ, मीरानं जात्यावर भरडलेली. मी शिजवली. त्यानं खाल्ली, आणि मान वर न करता म्हणाला, "झाली का, काका?"

मी घास घेतला. अर्धी डाळ तोंडात विरघळली आणि अर्धी दाताखाली आली. मला आधी वाटलं, कवळीच वाजली. काढून धुऊन पुन्हा बसवली. तरी तेच. मग वाटलं, शिजली नसेल. पातेलं परत शेगडीवर ठेवलं. बाहेरून रुक्मिणबाई ओरडल्या, "नामदेवभाऊ, डाळ शिजवता का मुहूर्त बघता?" पुन्हा घास घेतला. जी विरायची ती पार पाणी झाली होती. उरलेली तशीच, खडे होऊन. नवी डाळ आणि जुनी डाळ एका पोत्यात आली की असं होतं, हे तुम्हीच दाखवलं होतं.

मग सगळं लक्षात आलं. थंडीत धुकं पडून दत्ताच्या तुरीचं फूल गळालं होतं. रास निम्मीच झाली होती. आणि मागच्या आठवड्यात तो टेम्पो घेऊन मोंढ्यावर गेला होता, कशाला ते घरात बोलला नव्हता. तिथली शिळी डाळ त्यानं आपल्या डाळीत मिसळली होती.

वहिनी, खरं सांगतो, माझा हात पोत्याच्या सुतळीपर्यंत गेला होता. सोडलं असतं तोंड तर कुणाला कळलं असतं? तुमच्या लेकाचं नाव, तुमचंच दुकान. आणि मला तरी दुसरं घर कुठंय? माझं माणूस लवकर गेलं, पदरात लेकरू नाही. दत्तानं उद्या "काका, तुमचं तुम्ही बघा" म्हटलं तर या वयात कुठं जाऊ? हे सगळं एका दमात डोक्यातून गेलं.

पण त्या डाळीवर दत्ताच्या रानाचं नाव लागणार होतं. हल्ली लातूरहून एक पोटुशी लेक डाळ न्यायला येते, ती फक्त त्या नावावर भरवसा ठेवून. मग मी पळी उचलली. दत्ताच्या ताटात पुन्हा वाढलं.

त्यानं ताट बाजूला सारलं. कान लाल झाले, अगदी लहानपणी व्हायचे तसे. मग उठून म्हणाला, "उचलतो, काका." आणि पोतं खांद्यावर घेऊन रस्त्यावरून गेला. स्टँडवरचे सगळे बघत होते.

संध्याकाळी मीरानं भाकर वाढली आणि म्हणाली, "काका, तुमचं पोट तर आज भांडारातच भरलं असंल." दत्ता आपलं ताट घेऊन ओसरीवर गेला. सकाळी उठलो आणि पिशवी भरायला घेतली. धोतर, गोळ्या, चष्मा. जायचं कुठं ते ठरलं नव्हतं. आधी पिशवी भरावी, असं वाटलं.

दत्ता दारात येऊन उभा राहिला. "कुठं निघालात?"

"कुठं न्हाई. कपडे मोजून राहिलो."

"चष्मा बी मोजता का?"

मी चष्मा पिशवीतून काढून नाकावर लावला. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "काका, आईसमोर मी किती वर्षं बसलो त्या ताटावर. एकदा तरी 'चांगलं हाय दत्ता' म्हणली का? गुमान उठायची अन् पोतं सोडायची. मी आपला घरी येऊन समजून घ्यायचो, की चांगलं असंल. यंदा आई न्हाई अन् रास बी अर्धी. अर्धं पोतं घेऊन येताना लाज वाटली. लोक म्हनले असते, माय गेली अन् पोराचं रान बी गेलं."

मी म्हणालो, "अरे, अर्धंच आणलं असतंस तरी घेतलं असतं की."

"हाव, घेतलं असतं. तुमी बी गुमान उठून पोत्याचं तोंड सोडलं असतं."

वहिनी, याला उत्तर द्यायचं ते तुम्ही. तुमच्याकडं आहे का?

मग तो म्हणाला, "ठेवा ती पिशवी आत. चहा घ्या. अन् कवळी घट्ट बसवून घ्या, वरीसभर आता घरात तीच डाळ हाय." आतून मीरा हसली. त्या हसण्यानं माझी धडधड थोडी उतरली. पण दत्ता हसला नाही. त्याची स्वतःची चांगली डाळही त्या मिसळीत गेली ना! आता ती वेगळी कशी करणार?

मी त्याला सांगितलं, "दत्ता, तुझी माय पाठीमागं तुझं लई कवतिक करायची. पीठ मळताना मला म्हणायची, पोराच्या तुरीला माझ्या माहेरच्या काळ्या रानाची चव हाय." तर तो म्हणाला, "उगं मन राखू नका, काका." आणि बैल सोडायला गेला.

तुम्ही म्हणाला होतात ना, वहिनी? मला चांगलं आठवतंय. तुम्ही परातीत पाणी घालत होता आणि मी दारात लसूण सोलत होतो. एकदा नाही, दरवर्षी म्हणायच्या. मग मला कशाला सांगत होता? तो तर तिथंच गोठ्यात होता! एक हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. बाकी गावाला फौजदार झालात ते बरोबरच होतं. पण स्वतःच्या लेकराला जेवढं भरभरून वाढलंत, तेवढं एक वाक्य का वाढलं नाहीत? तुमच्याशी कधी वर तोंड करून बोललो नाही. आज बोलतोय. लागलं असेल तर माझ्या वयाकडं बघा.

उद्या रेणापूरची एक बाई ज्वारी घेऊन येणार आहे. मी ताटावर बसेन. कुलूप चार वेळा ओढेन, पण बसेन. खोटं असेल तर दुसऱ्यांदा वाढेन, ते कुणाचंही असो. आणि चांगलं असेल तर नुसता उठणार नाही. आधी मोठ्यानं "चांगलं आहे" म्हणेन, बाहेर रुक्मिणबाईंना ऐकू जाईल असं. उद्या तिच्यासमोर म्हणून बघतो. म्हणजे पुढच्या माघात दत्ता येईल, तुरीचं पोतं घेऊन, नाहीतर रुमालात मूठभर घेऊन का होईना, तेव्हा माझी जीभ अडखळायची नाही.

तुमची रीत तेवढी मोडतोय, वहिनी. रागावू नका.

तुमच्याच पंक्तीत म्हातारा झालेला,
नामदेव