बोल्टवरचा तांबडा ठिपका

बाबा, रोह्याच्या ज्या कंपनीत तुम्ही वीस वर्षं लोखंडावर कॅडमियमचा मुलामा चढवायच्या टाकीवर उभे राहिलात, तिथेच तुमच्या मागे मी लॅबमध्ये लागले. तुम्ही म्हणायचात, "खाडीचं वारं लोखंड खातं. आपला मुलामा बसला की त्याची टाप नाय." एकदा सुट्टीत पेणच्या घरून तुमचा डबा घेऊन आले आणि टाकीजवळच्या स्टुलावर तो उघडायला लागले, तर सगळ्यांसमोर ओरडलात, "हितं जेवायचं नाय. भायेर हो." मी आठवडाभर रुसले होते. पुढे तुमच्या किडन्या गेल्या, चालताना हाडं दुखायला लागली, आणि कॉलेजात कॅडमियमचं विष शिकताना मला तो ओरडा कळला. तुम्हाला ठाऊक होतं. तरी रोज जात होतात.

म्हणून साहेबांच्या मागे लागून मी कॅडमियमऐवजी जस्त-निकेलचा मुलामा करून पाहिला. मचव्यांना लागणारे वीस बोल्ट मिठाच्या पाण्याचा फवारा चालू असलेल्या पेटीत ठेवले. एकावरही तांबडा गंज दिसला तर कॅडमियमच चालू राहणार, असं गिऱ्हाइकाने बजावलेलं. रोज सकाळी झाकण उचलून एकेक बोल्ट फिरवून बघते. शेवटच्या दिवशी एका बोल्टच्या डोक्याखाली तांबडा ठिपका दिसतो. मी तो मुठीत धरते. मागे तुमचे जोडीदार काका उभे. आता तुमच्या टाकीवर तेच आहेत, आणि त्यांचेही पाय दुखायला लागलेत.

"टाक खिशात, गो," ते हळूच म्हणतात. "मी काय बघितलं नाय."

 मी जाऊन बोल्ट साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मुलाम्याआधी त्या बोल्टवरचं तेल नीट निघालं नव्हतं. दुसऱ्या चाचणीत सगळे टिकले आणि कॅडमियमची टाकी बंद झाली, पण मध्ये चार महिने गेले. ते चार महिने काका टाकीवर होते आणि माझ्याशी बोलत नव्हते. नंतर ते फार वर्षं जगले नाहीत. निडी गावाला काकींकडे जाते तेव्हा त्या चहा ठेवतात, आणि मला त्या चार महिन्यांपलीकडे काही सुचत नाही.

लोक म्हणतात, बापाची शिस्त पोरीत उतरली. मी मान डोलावते. खरं सांगू, तेव्हा मला शिस्तबिस्त काही आठवली नव्हती. एखादा मचवा बुडेल आणि नाव माझं येईल, एवढीच भीती वाटली होती.