डावा कान

४ मार्च, बुधवार
ताईला ‘मॅनेजर’चा दात लागला. मॅनेजर म्हणजे बँकेच्या दारात बसणारा पिवळा कुत्रा — कर्मचाऱ्यांच्या आधी हजर असतो म्हणून ते नाव. भाताचा गोळा हातातूनच भरवायला गेली होती. कौतुक फार! करंगळीवर बारीक ओरखडा, रक्ताचा ठिपका.

लोकांना फोनवर जे सांगते तेच तिलाही सांगितलं. डावा कान कापलेला आहे ना? मग साबणाने धू आणि गप बस. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करताना आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आम्ही डाव्या कानाचा शेंडा कापतो आणि त्याच वेळी रेबीजची लस टोचतो. कान कापलेला कुत्रा म्हणजे आमच्या हाताखालून गेलेला, निर्धोक. ताई म्हणाली, “तू सख्खी बहीण आहेस की चौकशीची खिडकी?” दोघी हसलो.

६ मार्च, शुक्रवार
बागेचा रखवालदार एक काळी कुत्री पोत्यावर घालून घेऊन आला. “हाड अडकलंय बाई, दोन दिवस तोंड मिटत नाही.” जबडा लोंबत होता, लाळेची तार जमिनीपर्यंत. रखवालदाराने तिला हात लावलेला नाही, काठीनेच पोत्यावर ढकललं होतं. जाड हातमोजे घालून बॅटरीने घसा बघितला. हाड नाही. काहीच नाही.

असा जबडा बघितला की पहिला विचार कोणता करायचा हे मला झोपेतही सांगता येईल. पण कान कापलेला होता. कापण्याची पद्धतही माझीच. म्हणून मी दुसरीच कारणं शोधत बसले — जबड्याला मार लागला असेल, नस दबली असेल. कंपाउंडर (मिशांवरून सगळी गल्ली त्यांना मिशाच म्हणते, आता मीही) दारात उभे राहून एवढंच म्हणाले, “मला काही हे बरं दिसत नाही.”

७ मार्च, शनिवार
सकाळी काळी मेलेली. नमुना प्रयोगशाळेत पाठवला. उगाच शंका नको म्हणून.

बँकेवरून आले. मॅनेजर जागेवर नाही.

९ मार्च, सोमवार
मॅनेजर नाही. पहारेकरी म्हणतो, शुक्रवारपासून दिसलेला नाही. चावलेला कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर माणसाला धोका नाही, हे मी हजारदा सांगितलंय. आज पाचवा दिवस, आणि कुत्राच नाही.

ताईला काही बोलले नाही. तिची करंगळी मात्र जेवताना तीनदा बघितली. “काय गं, अंगठी घालणार आहेस का?” म्हणाली.

११ मार्च, बुधवार
अहवाल आला. रेबीज.

रजिस्टर काढलं. काळी कुत्री, नोव्हेंबर, नसबंदी, लस — सही माझी. फ्रिजच्या तापमानाचा तक्ता बघितला. मी स्वतः रोज सकाळी नऊला लिहिते. चार, चार, पाच, चार. एक आकडा वाकडा नाही. मग लशीचा गुण गेला कुठे? रागाने कंपनीला शिव्या घातल्या, थोड्या मिशांनाही. ते ऐकून घेतात, हे त्यांचं वाईट आहे.

१२ मार्च, गुरुवार
सापडलं.

आज ऑपरेशनचा वार. दुपारी दोनला मिशा कुत्र्यांना पिंजऱ्यात नेत होते, म्हणून लस घ्यायला मीच फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही. वायर धरून मागे गेले. फ्रिजचा प्लग जमिनीवर आणि सॉकेटमध्ये ऑपरेशनआधी कुत्र्यांचे केस कापायच्या मशीनचा प्लग. वर तापलेला पत्रा. लशीची बाटली हाताला कोमट लागली.

मिशांना हाक मारली. ते अगदी सहज म्हणाले, “बोर्डाचा दुसरा खटका जळाल्यापासून असंच करतो की. मशीन लावायचं कुठे? संध्याकाळी आठवणीने परत लावतो बाई, एक दिवस चुकलेलो नाही.”

एक दिवस चुकलेले नाहीत. सोमवार आणि गुरुवार, ऑक्टोबरपासून. सकाळी नऊला माझा तक्ता लिहून होतो, साडेनऊला प्लग निघतो. आणि बोर्ड दुरुस्त करू या का असं त्यांनी विचारलं होतं तेव्हा मीच म्हणाले होते, “चालवून घ्या हो कसंतरी.” त्या माणसावर ओरडायला तोंड उरलं नाही मला.

काळी सोडून एकशे त्रेचाळीस कुत्री. सगळ्यांचे कान मी कापलेत.

१३ मार्च, शुक्रवार
ताईला सगळं सांगून सरकारी दवाखान्यात नेलं. करंगळीत सुई, दंडात सुई, अजून तीन वेळा जायचंय. नऊ दिवस फुकट घालवले मी. ती रडली नाही, ओरडलीही नाही. परत येताना म्हणाली, “मला सांगितलंस, बरं केलंस. आता गावाला सांग.”

मी म्हटलं, सांगितलं तर लोक काठ्या घेऊन निघतील. कान कापलेलं एक कुत्रं जिवंत ठेवणार नाहीत. आधी सगळ्या कुत्र्यांना ताजी लस टोचते, मग सांगते.

 

१६ मार्च, सोमवार
मॅनेजर सापडला! खाटीकगल्लीत फळीखाली पसरला होता, पोट नगाऱ्याएवढं. नोकरी बदलली मेल्याने! आज बारावा दिवस आणि गडी टुणटुणीत. मी तिथेच पायरीवर बसून रडले. खाटीक पाणी घेऊन आला बिचारा.

ताई वाचली. देवा, ताई वाचली. बाकीचं आता शिस्तीत करू.

१९ मार्च, गुरुवार
नवा बोर्ड बसवला. ऑपरेशनं बंद. पहाटेपासून मिशा जाळी घेऊन, मी लस घेऊन. आजपर्यंत एकसष्ट झाली. मिशा आठवड्यात वाळले आहेत, जेवणाचा डबा तसाच परत नेतात.

ताईने आज पुन्हा विषय काढला. “कुत्री शोधते आहेस, ठीक. पण ती ज्यांना चावली ती माणसं? दारावर एक कागद लावायला काय होतं गं तुला?” मी चिडून म्हणाले, रविवारपर्यंत पुरी होतील, सोमवारी लावते कागद. कागद लिहून ठेवलाय. खणात आहे.

२३ मार्च, सोमवार
एकशे एकोणतीस. चौदा राहिली. दोन दिवस अजून.

२४ मार्च, मंगळवार
सकाळी रद्दीवाला आला. बरोबर जनावर नव्हतं. म्हणाला, बायको कालपासून पाणी घशाखाली उतरवत नाही, वाऱ्याची झुळूक आली तरी दचकते. महिन्यापूर्वी कुत्र्याचा दात लागला होता तिच्या पायाला. “तेव्हा मी तुम्हालाच फोन केला होता बाई. तुम्ही एकच विचारलंत, कान कापलेला आहे का. मी हो म्हणालो.”

मला तो फोन आठवत नाही.