सचिवाची सही

दरेकसा

बुधराम भाऊ,

काल आपल्या वसतिगृहाले कुलूप लागलं. बावीस पोरी पेट्या घेऊन घरी गेल्या. जंगल हक्काच्या मोर्चाचं निवेदन मी वसतिगृह चालवणाऱ्या आपल्या संस्थेच्या शिक्क्यानं दिलं होतं, म्हणून सरकारनं संस्थेची नोंदणीच रद्द केली.

तू सांगत होता, जंगलाची लढाई ग्रामसभेच्या नावानं लढा, ग्रामसभा कोणाले रद्द करता येत नाही. वसतिगृहाचा ट्रस्ट वेगळा ठेवा. मी म्हटलं, भाऊ भिऊन राहिला, एकच शिक्का असला का जोर येते. वरून ठराव घेऊन तुले सचिवपदावरून काढलं. हात वर करताना मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

अपिलावर सचिवाची सही लागते. वकील कागद चाळून म्हणाले, भावाले काढल्याचा ठराव तुम्ही नोंदवलाच नाही, कागदावर आजही तोच सचिव आहे.

मुदत सोमवारी संपते. पण तू आता तिरोड्याले सरकारी नोकरीवर आहे. रद्द झालेल्या संस्थेचा सचिव म्हणून सही केली तर नोकरी जाईल. तरी पोरींसाठी तू काही न विचारता सही करशील, हे मले माहीत आहे.

म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझी लहान बहीण,
दुर्पता