ओला कापूस

बा, तू मेला त्याले नऊ वर्षं झाली. राग तसाच आहे, म्हणून घराकडच्या रेल्वेगाडीत बसून लिहून राह्यलो. मी लहान होतो त्या वक्ताची गोष्ट. माय, आठव्या महिन्यातली, घरातल्या कापसाच्या ढिगावर बसून कचरा काढत होती. एकदम तिच्याखालचा कापूस भिजला. "कापसात मुतते, रांडे?" म्हणून तू तिले केसाले धरून अंगणात ओढलं, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीनं झोडलं. मी तुह्या पायाले चावलो, तू मले भिंतीवर फेकलं. माय म्हणे, "अवो, पोटातलं पाणी गेलं, ढाणकीच्या दवाखान्यात न्या." तू म्हणला, "कळा नाही न् काही नाही, तिथं नाचाले जाते का?" आणि ओला कापूस उन्हात घालत बसला. दोन दिवस पाणी गळत राह्यलं. तिसऱ्या दिवशी बहीण झाली, रडली नाही, नुसती कण्हली. अंग तापलं, मग गार पडलं. दूध ओढेना, श्वास घेताना फासळ्या आत जात. तू म्हणला, पाचवी होऊ दे, मग पाहू. पाचवीच्या आधीच तिले मातीत घातलं.

आता मी कोइमतूरले सूतगिरणीत कामाले आहे. काल मायचा फोन आला, माह्या बायकोचं पाणी गेलं, आठव्यातच. परवाच गेलतं, तिनं दिवसभर लपवलं. भिजलेली गादी मायनं पाह्यली आणि तशीच तिले यवतमाळले नेली. पोरगा झाला, काचेच्या पेटीत आहे. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "पिशवी फुटली की कळांची वाट पाहायची नसते. उशीर झाला, जंतू वर चढले, बाळाच्या रक्तात गेले. फुफ्फुसंही कच्ची आहेत. इंजेक्शनं चालू आहेत, दोन दिवस काही सांगता येत नाही." खोलीतला मुकुटबनचा सोबती म्हणे, "पोरगा झाला, पेढे दे ना बे!" मी त्याच्या तोंडावर बुक्की हाणली, दात पडला त्याचा.

मग बायकोले फोन लावला. "काहून लपवलं वं?" ती हळू बोलली, "मले वाटलं, मीच गादी भिजवली. तुम्हाले कळलं असतं तं माराले धावले असते." मी फोन ठेवला न् गाडी धरली.

डॉक्टरीणबाईनं अजून एक विचारलं होतं, "पोटाला मार लागला होता का?" मी म्हणलं, नाही जी.

लागला होता, बा. दिवाळीत घरी गेलतो तवा लाथ मारली होती मी.